देवाच्या नावाने ससेहोलपट

भैरवगढ म्हटले की उज्जैनकराला तीन गोष्टी आठवतात : काळभैरवाचे देऊळ, मध्यवर्ती कारागृह आणि छिपा कारागिरांच्या हातचे छापील कापड. या यादीत चौथी भर पडू नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच. हौसेने घरी आणलेला ससा नकोसा झाला की तो सिद्धवटाच्या घाटावर नेऊन सोडावा किंवा भैरवाच्या आवाराजवळ ठेवून यावे, 'पुढचे देव बघेल', असा सल्ला आपल्या समाजातील चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतून दिला जाताना आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकला आहे. सल्ला देणाऱ्याच्या चेहऱ्यावर संकोच नसतो. उलट आपण काही सात्त्विक मार्ग दाखविला, असे समाधान असते. त्या समाधानावरच आमचा आक्षेप आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्याने ससा घरी आणला, त्याला तो ठेवणे खरोखरच अशक्य झाले तर त्याचे पुढचे घर शोधण्याची जबाबदारी त्याचीच आहे. ती देवस्थानावर, नदीवर वा रानावर ढकलता येत नाही. आणि ज्याला ससा हवा आहे, त्याने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी असा नकोसा झालेला ससा शोधावा, तो शोधताना त्याची जात विचारू नये. या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. तरीही त्या होत नाहीत, याचे कारण दारिद्र्य नव्हे आणि अज्ञानही फारसे नव्हे. सोयीस्कर श्रद्धा आणि मिरविण्याची हौस हे ते कारण होय.

सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालविलेल्यांना एक शेरा तोंडपाठ असतो : 'योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात येत आहे.' कागद आपल्या टेबलावरून हलला की काम झाले, असे मानण्याची मोठी सोय त्या शेऱ्यात आहे. देवाच्या दारी ससा सोडणे हा त्याच प्रकारचा शेरा आहे. फरक इतकाच, की कागदाला भूक लागत नाही आणि कागदाच्या मागे कुत्री लागत नाहीत.

कुत्र्यांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. भैरवाचे वाहन श्वान. काळभैरवाच्या परिसरात त्याला मान आहे, भाविक त्याला खाऊ घालतात, आणि त्यात आम्हाला वावगे काही दिसत नाही. पण नेमक्या त्याच जागी पिंजऱ्यात जन्मलेला, पांढराशुभ्र, धोका म्हणजे काय हे कधी न शिकलेला प्राणी नेऊन सोडायचा, आणि वर देवाने त्याचे रक्षण करावे अशी अपेक्षा बाळगायची, याला भक्ती म्हणावे की क्रूर थट्टा, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

काहीजण यावर म्हणतात, 'देवळात नको तर नदीपलीकडच्या रानात सोडू. रानसशांत मिसळून जाईल.' हा गैरसमज आपल्या भाषेने पोसला आहे. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात. वस्तुतः माळव्याच्या शेताशिवारांत दिसणारा रानससा आणि बाजारात मिळणारा पाळीव ससा हे वेगवेगळे प्राणी आहेत. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, पाळीव सशाच्या पेशीत ४४. दोघांची संतती होत नाही. रानससा उघड्यावर, गवताच्या आडोशाला राहतो आणि त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. पाळीव सशाचे मूळ दक्षिण-पश्चिम युरोपातले. तो बिळात राहणारा, आणि त्याची पिल्ले उघडीनागडी व मिटल्या डोळ्यांची जन्मतात. तेव्हा रानात सोडलेल्या पाळीव सशाला तेथे ना नातलग भेटतो, ना निवारा.

उलट बाजूने हेही सांगून ठेवतो, की शेतात गहू कापताना रानसशाचे पिल्लू सापडले तर ते घरी आणू नये. आई त्याला दिवसभर एकटे ठेवते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते; ते 'पोरके' नसते. शिवाय रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला पाळता येत नाही.

पाळीव ससा उघड्यावर तगत नाही, याचा दाखला दूर ऑस्ट्रेलियात मिळतो. त्या देशात सशांनी घातलेला धुमाकूळ सर्वांना माहीत आहे, आणि म्हणूनच 'ससे कुठेही जगतात' असे लोक समजतात. पण हकीकत निराळी आहे. १७८८ साली इंग्रजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर पाच ससे तेथे उतरले. पुढच्या ७० वर्षांत आणखी कितीतरी वेळा ससे नेले गेले, तरी ते देशभर पसरले नाहीत. १८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणविलेले ससे व्हिक्टोरियातील आपल्या मळ्यावर सोडले, आणि तेथून सारे बिघडले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने याचा उलगडा केला : ऑस्टिनच्या सशांत इंग्लंडच्या रानातल्या सशांचा वंश होता, आधीचे ससे मात्र माणसाळलेले होते. उघड्यावर टिकले ते रानातले. हे आपल्या 'सोडून देणाऱ्यांनी' नीट ध्यानात घ्यावे.

ज्या नगरीत आपण राहतो तिने या विषयावर फार पूर्वीच निकाल देऊन ठेवला आहे. विक्रमाच्या कथाचक्रातील एक कथा आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. शिकारीला गेलेला राजपुत्र वाघाच्या भयाने झाडावर चढला. झाडावर आधीच एक अस्वल होते. त्याने राजपुत्राला अभय दिले, रात्री त्याला आपल्या मांडीवर झोपू दिले, आणि 'याला खाली ढकल' ही वाघाची विनवणी धुडकावली. मग अस्वलाच्या झोपेची पाळी आली. वाघाने तीच विनवणी राजपुत्राला केली, आणि राजपुत्राने अस्वलाला ढकलले. अस्वल फांदीला धरून वाचले, राजपुत्र मात्र वेडा झाला आणि 'ससेमिरा, ससेमिरा' एवढेच बडबडू लागला. त्या चार अक्षरांनी सुरू होणारे, विश्वासघाताचे पाप सांगणारे चार श्लोक त्याला ऐकविले, तेव्हा एकेक अक्षर सुटून तो शुद्धीवर आला. आपल्या भाषेतला 'ससेमिरा' तो हाच. त्यात ससा नाही, पण आमच्या मुद्द्याचा गाभा त्यात आहे : जो आपल्या भरवशावर डोळे मिटून निजला, त्याला आपल्या सोयीसाठी खाली ढकलणे. अस्वलाला निदान फांदी धरता आली.

आता हे ससे नकोसे होतातच कसे, ते पाहू. भैरवगढच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका परिचित मराठी कुटुंबाचे उदाहरण आमच्यासमोर आहे. नातवाच्या हट्टाखातर दिवाळीत दोन पिल्ले आणली. 'दोन्ही माद्या आहेत' असे विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणे जाणत्यालाही अवघड जाते, ही गोष्ट कोणी बोलले नाही. ससे चार ते सहा महिन्यांत वयात येतात. गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा. आणि विल्यानंतर मादी काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. अक्षय्य तृतीयेपर्यंत दोनाचे सात झाले. त्यातच मुलाची पुण्याला बदली झाली आणि सातही सशांना घर शोधण्याची वेळ आली. या कुटुंबाने सशांना घाटावर सोडले नाही, दारोदार विचारले, याबद्दल आम्ही त्यांचे जाहीर कौतुक करतो. पण दारोदार त्यांना काय ऐकावे लागले? पहिला प्रश्न, 'कोणत्या जातीचे?' कोणी विचारले नाही, की काय खातात, किती वर्षे जगतात, माणसाळलेले आहेत का. आई राखाडी, बाप पांढरा, पिल्ले कोणी कबरी, कोणी बदामी. जातीचे नाव सांगता येईना, म्हणून तीन घरांनी नकार दिला. त्यांपैकी एका घराने पुढच्याच महिन्यात दुकानातून 'अस्सल' म्हणून एक ससा विकत आणला. तोही, आमच्या मते, मिश्रच आहे.

कारण अस्सलपणाचा हा बाजार मुळात पोकळ आहे. दुकानदाराकडे सशाच्या वंशावळीचा कागद मागून पाहावा. मिळाला तर आम्हाला जरूर दाखवावा. आपल्या देशात या परदेशी जाती मुख्यतः लोकर आणि मांस यांसाठी जोपासल्या गेल्या. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या कुलू भागातील गडसा केंद्रावर लोकरीसाठी अंगोरा, तर कोडाईकनालजवळच्या मन्नवनूर केंद्रावर व्हाइट जायंट आणि सोव्हिएट चिंचिला हे ससे वाढविले गेले. ही दोन्ही ठिकाणे थंड डोंगरांतली आहेत, ही गोष्ट माळव्याच्या बेचाळीस अंशांत अंगोराची हौस करणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. शहरांतल्या बाजारात येतात ते बहुतेक अनेक जातींच्या सरमिसळीतून झालेले ससे. त्यात उणेपणा काहीच नाही. उलट लांब लोकर, लोंबते कान, चपटे तोंड अशा माणसाच्या आवडीसाठी मुद्दाम घडविलेल्या रूपांचा भार प्राण्यालाच वाहावा लागतो. लोंबत्या कानांच्या सशांना कानाचे विकार अधिक होतात, असे ब्रिटनमधील पशुवैद्यकांच्या अभ्यासांत दिसून आले आहे.

शिवाय, शुद्ध रक्ताचा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरावा? राणोजी शिंद्यांच्या काळात आपले पूर्वज माळव्यात आले. दिवाण रामचंद्रबाबांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविली, तरी आपली घरे येथेच राहिली. तेव्हापासून आपली मराठी माळवीच्या शेजारी नांदते आहे. आपल्या ताटात पुरणपोळी आणि दाल-बाफले एकत्र बसतात, आपल्या वाक्यात निम्मे शब्द कोठले हे आपल्यालाही सांगता येत नाही, आणि पुण्याचे पाहुणे आपल्या बोलण्याला हसतात तेव्हा आपल्याला राग येतो. तो राग रास्त आहे. मग तीच मोजपट्टी आपण एका मुक्या जिवाला का लावावी? भैरवगढच्या बाटिकचेच पाहा. मेणाला तडे जातात, त्यांतून रंग झिरपतो आणि कापडावर बारीक रेषांचे जाळे उमटते. कोणत्याही दोन कापडांवर ते सारखे नसते. म्हणूनच ते कापड आपण अभिमानाने आहेरात देतो. कबऱ्या सशाच्या अंगावरचे ठिपकेही असेच एकदाच उमटलेले असतात. तेथे मात्र आपल्याला 'अस्सल' हवे असते.

आक्षेप येतील, ते आम्ही जाणतो. पहिला असा, की माणसांना घरे नाहीत, रस्त्यावर गायी मरतात, आणि तुम्ही सशांचे काय घेऊन बसलात? याचे उत्तर सरळ आहे. रस्त्यावरची गाय तुम्ही आणलेली नाही, ससा आणलेला आहे. जगाचे दुःख दूर करा असे आम्ही म्हणत नाही. स्वतः निर्माण केलेले दुःख दुसऱ्याच्या अंगणात टाकू नका, एवढेच म्हणतो. दुसरा आक्षेप, 'कायद्यात कुठे लिहिले आहे?' लिहिलेले आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय टाकून देणे हा गुन्हा आहे. आणि ज्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे हाही गुन्हा आहे. दुर्दैवाने पहिल्या अपराधाला दंड १० ते ५० रुपये. एवढ्या पैशांत आज धड नाश्ताही होत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्राने नियम केले; त्यांत सशाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि दुकानाला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. आपण ज्या दुकानातून नातवासाठी ससा आणतो, त्या दुकानदाराला नोंदणीचा कागद कधी विचारला आहे काय? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. हक्कांसाठी अर्जांवर अर्ज करणाऱ्या आपल्या पिढीला कर्तव्यांचे हे कलम सहसा आठवत नाही.

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : 'घर शोधायचे, पण कसे?' त्याबद्दल काही सांगतो.

देणाऱ्याने प्रथम नर आणि माद्या वेगळ्या कराव्यात, नाहीतर घर शोधता शोधता संख्या वाढते. सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून नसबंदी करून घेता आली तर उत्तम. उज्जैनात तसा वैद्य न मिळाल्यास महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे चौकशी करावी. एकमेकांच्या सवयीचे झालेले दोन ससे शक्यतो एकत्र द्यावेत. सशाचे वय, सवयी, आजार, चावण्याची खोड असेल तर तीसुद्धा, काही न लपविता सांगावे. मुलीचे स्थळ पाहताना आपण मुलाकडच्यांची जेवढी चौकशी करतो, तिच्या दहाव्या हिश्शाइतकी तरी घेणाऱ्याची करावी : घरात मोकळे फिरणारे कुत्रे-मांजर आहे का, उन्हाळ्यात ससा ठेवणार कोठे, घरातली मोठी माणसे राजी आहेत की केवळ मुलाचा हट्ट आहे. 'सगळेच द्या, कितीही असू देत' असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला एकही देऊ नये. महिन्याभराने स्वतः जाऊन पाहून यावे, आणि जमले नाही तर परत घेईन, असा शब्द द्यावा. हा शब्द ज्याला देववत नाही त्याने मुळात ससा आणू नये.

घेणाऱ्याने जाणून घ्यायचे ते असे. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो. म्हणजे आज तिसरीत असलेला नातू महाविद्यालयात जाईपर्यंत. त्याचे मुख्य अन्न वाळलेले गवत. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच ते झिजतात. गव्हाचा भुसा हे गवत नव्हे. गाजर हा त्याचा लाडूपेढा आहे, रोजचे जेवण नव्हे. आणि पोळी, भात, बिस्किटे, सकाळचे शेव-पोहे हे तर त्याच्या पोटाचे वैरी. सशाने दिवसभर काही खाल्ले नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर 'उद्या बघू' म्हणू नये; त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. ससा आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो, हे पाहून नाक मुरडू नये. त्याच्या पचनाची ती रीतच आहे. त्याला घाम येत नाही, कानांतून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास होऊ लागतो. वैशाखात गच्चीवरच्या पत्र्याखाली त्याचा पिंजरा ठेवणे म्हणजे त्याला भाजून मारणे होय. पिंजरा केवळ निजण्यापुरता असावा, दिवसाचे काही तास त्याला फरशीवर मोकळे धावू द्यावे. भैरवगढच्या कारागृहातल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख असते.

परदेशांत हा प्रश्न आपल्याआधी उभा राहिला. ईस्टरच्या सणाला मुलांना ससा भेट द्यायचा आणि सण संपला की टाकून द्यायचा, अशी चाल अमेरिकेत पडली. टाकलेल्या सशांना घरे मिळवून देण्यासाठी १९८८ साली कॅलिफोर्नियात काही सामान्य नागरिकांनी 'हाउस रॅबिट सोसायटी' स्थापली. त्यांना सरकारने सांगितले नव्हते. आपल्याकडे ईस्टरऐवजी वाढदिवस आणि दिवाळी, एवढाच फरक आहे. आणि अशा कामासाठी लागते तशी ओळखीपाळखीची वीण आपल्या समाजाइतकी घट्ट दुसरीकडे क्वचितच असेल. कोणाच्या घरी कोणते स्थळ आले आहे हे आपल्याला दोन दिवसांत कळते. कोणाच्या घरी ससा अडचणीत आहे, हे कळायलाही हरकत नसावी.

म्हणून आमची सूचना अशी. आपल्या समाजाच्या वाचनालयात मासिकांच्या टेबलावर एक साधी नोंदवही ठेवावी. एका बाजूला देणाऱ्याची नोंद, दुसऱ्या बाजूला घेणाऱ्याची. रकाने एवढेच असावेत : नर की मादी, अंदाजे वय, रंग, काय खातो, कोणाबरोबर राहतो, नसबंदी झाली आहे किंवा नाही, देण्याचे कारण, आणि महिन्याने पाहून आल्याची तारीख. वर उल्लेखिलेल्या कुटुंबाचे तीन ससे, एक कबरी मादी आणि दोन बदामी नर, अद्याप घराच्या शोधात आहेत. पहिली नोंद त्यांचीच होईल. वही आम्ही आणून देऊ आणि रकानेही स्वतःच आखू. जातीचा रकाना तीत असणार नाही.